पेलिकनची पाहणी

बॅगनॉल घराण्यात उभ्याने भांडायची पद्धत नव्हती. भांडण व्हायचं ते जेवायला बसून, मांस कापून झाल्यावर, ग्रेव्ही गार व्हायच्या बेताला. त्यामुळे बुधवारी दुपारी शेवटचं गिऱ्हाईक बाहेर घालवून रोलंडने पेलिकन या घरच्या पबचं दार लावलं आणि त्याच्या बायकोने, थेल्माने, ओव्हनमधून रोस्ट बाहेर काढलं, तेव्हा तिची खात्री होती की पहिली ठिणगी बटाटे संपायच्या आत पडणार.

बटाटे वाढायच्या आतच पडली.

"डेस्मंड, तू नेमका आजच कसा उगवलास?" रोलंडने सुरी परजत धाकट्या भावाला विचारलं.

"आईला भेटायला."

"नाताळात आला नाहीस. तिचा पाय मुरगळला तेव्हा आला नाहीस."

"तेव्हा लंडनहून सरकारी माणूस यायचा नव्हता," ऑड्री म्हणाली. दोन भावांच्या मधली ही बहीण. शाळेत इतिहास शिकवायची आणि घरी आली तरी शिकवणं थांबवायची नाही. "त्याला वास बरोबर येतो."

डेस्मंड हसला. बर्मिंगहॅमला जागा घ्यायच्या आणि विकायच्या असा त्याचा धंदा होता, आणि असल्या बोलण्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. "वास मला नाही, तुलाच आलाय, ऑड. लंडनला कळवलंस कोणी? तू. घरात कोणाला विचारलंस? कोणाला नाही."

"ही पाचशे वर्षांची इमारत आहे. घरच्या चार माणसांना विचारून ती जुनी होत नाही."

टेबल मुद्दाम पुढच्या खोलीत मांडलं होतं. ही सूचना ऑड्रीची. पाहुणे चार वाजता येतील तेव्हा त्यांना खोली वापरात दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. डोक्यावर त्या प्रसिद्ध काळ्या तुळया होत्या, भिंतींवर काळ्या लाकडाचे उभेआडवे पट्टे होते आणि समोर ती दगडी फायरप्लेस होती, जिच्यामागे म्हणे एक पळता राजा अख्खी रात्र लपून बसला होता. खिडकी एकच, तीही हातरुमालाएवढी. त्यामुळे मे महिन्यातल्या लख्ख दुपारीही दिवा लावून जेवावं लागत होतं. मार्चबरी गावाला येणारे प्रवासी याच अंधाराचे फोटो काढून नेत. बारवर ऑड्रीने लिहिलेली पुस्तिका विकायला ठेवलेली होती. तिच्या मुखपृष्ठावर राजाचं चित्र होतं, आणि राजाचा चेहरा पुष्कळसा रोलंडसारखा आला होता.

"जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत नाव एकदा गेलं की खिळा ठोकायलाही परवानगी लागते," रोलंड म्हणाला. "मला खिळे ठोकायचे आहेत. लोकांना आता मोठी खोली लागते, गालिचा लागतो, टोपलीत वाढलेली तळलेली कोंबडी लागते. ही मधली भिंत, मागची ती स्नगची कोठडी, तो बोळ, सगळं काढून एक खोली. पुढच्या तुळया मात्र राहणार. तुळयांना मी हात लावणार नाही."

"उपकार झाले," ऑड्री म्हणाली.

"कशाला जीव जाळतोस, रोल?" डेस्मंडने ग्रेव्ही ओतून घेतली. "इमारत आईच्या नावावर आहे. आणि आईने मला हो म्हटलंय."

रोलंडची सुरी मांसात अडकली. "कशाला हो म्हटलंय?"

"विकायला. सुपरमार्केटवाल्यांना कोपऱ्याची जागा हवी आहे. पाडतील आणि नवीन बांधतील. तुला आणि थेल्माला त्यात भरपूर..."

"आई!" रोलंड वळला. "तू तर मला हो म्हटलंयस! ईस्टरला! मी विचारलं, भिंती काढू का, तू म्हणालीस, काढ!"

टेबलाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, एनिड बॅगनॉल वाटाणे काट्यावर चढवत होती. सत्तरी कधीच उलटली होती. ही खोली, वरचं छप्पर आणि खालचं तळघर नवऱ्याच्या मृत्युपत्राने तिचं होतं. पण या खोलीत ती बसायची ती अशीच, खुर्चीच्या कडेला, कोणी ऊठ म्हणेल म्हणून तयार असल्यासारखी.

"तुलाही म्हटलं," ती म्हणाली.

"दोघांना हो कसं म्हणता येईल?"

"येतं की. मी म्हटलं."

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. ऑड्री दोघांकडे पाहत होती. थेल्मा तेवढी सासूकडे पाहत होती. इतक्या वर्षांत तिने सासूला एकदाही विसरताना किंवा गोंधळताना पाहिलं नव्हतं. मग दोन मुलांना दोन उलट गोष्टींना होकार देऊन ही बाई शांतपणे वाटाणे कशी खाते?

"मदर," थेल्मा म्हणाली. ती सासूला 'मदर' म्हणायची. त्यात आदर किती आणि अंतर किती, ते दोघींनी कधी मोजलं नव्हतं. "अजून घ्या ना थोडं."

"नको. तो माणूस येऊन जाऊ दे. मग पोटात जागा राहील की नाही ते बघू."

*

मिस्टर लॅथबरी आले ते रेल्वेने, छत्री घेऊन. उंच, वाळका माणूस. पडसं झालेलं. ऑड्रीने त्यांना दारातच पुस्तिका दिली. ती त्यांनी फार अदबीने घेतली आणि न उघडता खिशात ठेवली.

आयुष्यात एखादा दिवस आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो, असं ऑड्रीला नेहमी वाटायचं. वर्गातल्या पोरांना राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावताना ती मनात म्हणायची, माझ्या घरातल्या चुलीमागे यांच्यातला एक लपला होता. लग्न झालं नाही, घर झालं नाही, पण पाचशे वर्षांचं आजोळ असावं तसा पेलिकन तिच्या पाठीशी उभा होता. आज सरकारी मोहोर उमटणार, आणि मग भाऊ कितीही हातोडे घेऊन आले तरी काही करू शकणार नाहीत.

लॅथबरींनी मान वर केली, एका तुळईकडे पाहिलं, आणि दारावर टकटक करावी तशी बोटाच्या पेराने तिच्यावर केली.

आवाज रिकाम्या खोक्यासारखा आला.

त्यांनी दुसऱ्या तुळईवर वाजवून पाहिलं. मग भिंतीवरच्या पट्ट्यावर. मग खिशातून चाकू काढून कोपऱ्यातल्या सांध्यात सरकवला आणि जरासा पिळला. काळी कपची उडाली. खाली लाकूड बिस्किटासारखं पिवळं होतं.

"पाइन," ते म्हणाले आणि शिंकले. "माफ करा. फळ्यांची पेटी करून वर डांबर फासलंय. आत हवा आहे."

"हवा?" ऑड्रीने विचारलं.

"साधारण पन्नास वर्षांपूर्वीची."

"पण फायरप्लेस तरी..."

"फायरप्लेस देखणी आहे. हिची सख्खी बहीण मी गेल्या महिन्यात हेरफर्डला पाहिली. आणि त्याआधी वूस्टरला एक. कारखान्यात साचा चांगला होता."

"त्यामागे राजा लपला होता!"

लॅथबरींनी तिच्याकडे पाहिलं. ते निर्दय नव्हते. अशी कितीतरी घरं त्यांनी कितीतरी ऑड्रींच्या डोळ्यांदेखत पोकळ केली असावीत. "राजा इकडून गेला असेलही, बाई. पण तो इथे लपला असेल तर उघड्या कुरणात लपला असं म्हणावं लागेल. ही इमारत त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी बांधली."

रोलंडचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. यादीचं संकट टळलं म्हणून तो मोकळा झाला होता, आणि जन्मभर ज्या तुळयांखाली उभं राहून पाहुण्यांना राजाची गोष्ट सांगितली त्या डब्यासारख्या वाजल्या म्हणून खचला होता. चेहऱ्याने आधी काय दाखवावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"सासऱ्यांनी ठोकल्या," एनिड म्हणाली.

सगळे वळले.

"जोसायांनी. सहलीच्या बसगाड्या यायला लागल्या होत्या ना तेव्हा. लोकांना जुनं बघायचं होतं. पलीकडच्या 'स्वॅन'मध्ये खऱ्या तुळया होत्या, म्हणून यांनी खोट्या आणल्या. राजा त्यांना त्याच आठवड्यात सुचला. बायकोशी वाद झाला होता, राजा घ्यायचा का दरोडेखोर."

"आई, तुला माहीत होतं?" ऑड्रीचा आवाज फाटला.

"मी शिडी धरली होती."

"मग तू कधी बोलली का नाहीस? मी पुस्तक लिहिलं! दोन उन्हाळे घालवले!"

"तू व्हिकारला विचारलंस. वाचनालयातल्या त्या चष्मेवाल्याला विचारलंस. श्रुजबरीला जाऊन आलीस." एनिडने हातातल्या नॅपकिनची नीट घडी केली. "मला कुठे विचारलंस?"

डेस्मंडने खोकल्यासारखं काहीतरी केलं. लॅथबरींनी तत्परतेने छत्री उचलली. "मी आपला फार वेळ घेतला. निघण्याआधी जरा... हात कुठे धुता येतील?"

"बोळातून सरळ," थेल्मा म्हणाली. "बटाट्यांच्या पोत्यांना अडखळू नका."

*

बराच वेळ झाला तरी लॅथबरी परतले नाहीत. डेस्मंड पाहायला गेला. ते बोळात होते, पण संडासापर्यंत पोहोचलेच नव्हते. मधल्या स्नगच्या दारात, एक पाय बटाट्यांच्या पोत्यावर ठेवून ते उभे होते. डेस्मंडने आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते. एखादं जोडपं घर बघायला येतं आणि बाई जिन्यापाशी थबकते, तो क्षण त्याला पाठीमागूनही ओळखता यायचा. लॅथबरींच्या पाठीवर तो क्षण उमटला होता.

"अरे देवा," डेस्मंड पुटपुटला.

स्नग म्हणजे दोन बाकं आणि एक अरुंद टेबल मावेल एवढी कोठडी. पूर्वी गावातल्या प्रतिष्ठित बायका इथे येऊन, कोणाच्या नजरेला न पडता, आपला गोड वाइनचा पेला घेत. एका बाजूला बारचा कट्टा होता, आणि कट्ट्यावर चेहऱ्याच्या उंचीला महोगनीची कोरीव चौकट. चौकटीत ओळीने छोट्या काचा, धुक्यासारख्या, प्रत्येकीवर फुलं आणि पक्षी कोरलेले, प्रत्येक पितळी खुंटीवर फिरणारी. बाईने काच फिरवायची, काय हवं ते सांगायचं, काच लावून टाकायची. पेला खालच्या फटीतून यायचा. पिणारीला पाजणाऱ्याचा चेहरा दिसत नसे आणि पाजणाऱ्याला पिणारीचा.

"एकूण एक शाबूत आहेत," लॅथबरी म्हणाले. त्यांचं पडसं पळालं होतं. "लोकांनी हे सगळं केव्हाच फोडून टाकलं हो. गेल्या दहा वर्षांत मी नुसत्या रिकाम्या चौकटी बघत फिरतोय. या खुंट्या अजून फिरतात. बघा, बोटाने फिरतात! आणि काच... ही काच कोणी सांभाळली?"

घरचे सगळे बोळात जमले होते. कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. कोणी कधी तो प्रश्न म्हणून पाहिला नव्हता, इतकंच.

"मी पुसते," एनिड म्हणाली. "सोमवारी. व्हिनेगरने."

लॅथबरींनी हॅट काढली. "मिसेस बॅगनॉल, अशी निगा प्रेमाशिवाय राखता येत नाही."

एनिड हसली. ते हसणं थेल्माने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं आणि मुलांनीही ऐकलं नसावं, कारण तिघेही दचकले. लॅथबरींना ते विनयाचं वाटलं. ते भारावून बोलत राहिले: पुढच्या खोलीचं सोडा, ती उद्या पाडली तरी कोणी अश्रू ढाळणार नाही, पण हा कट्टा, ही चौकट, ही कोठडी, हिच्यासाठी ते स्वतः शिफारस लिहिणार. मंजुरी यायला महिनाभर लागेल. एकदा आली की यातली एक काचही कोणाला हलवता येणार नाही.

"कोणालाच?" एनिडने विचारलं.

"अगदी तुम्हालासुद्धा नाही," लॅथबरी प्रेमळपणे म्हणाले.

*

एनिड लग्न होऊन या घरात आली तेव्हा कालव्यावरच्या नावाड्याची मुलगी होती. हर्बर्टने तिला इथेच, पुढच्या खोलीत, गावादेखत समोर बसवून मागणी घातली होती. लग्नानंतर त्या खोलीत तिने पाऊल टाकलं ते फक्त फरशी पुसायला. सासू ऑगस्टाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "बॅगनॉलांची सून चारचौघांत बीअर ओतणार नाही. त्यात नावाड्याची. तू काचेमागे उभी राहा. तिथे तू कोण आहेस ते कोणाला दिसत नाही."

ती उभी राहिली. डॉक्टरांच्या बायका, वकिलांच्या बायका, बँकवाल्याची विधवा बहीण, सगळ्यांना तिने पेले सरकवले. अर्ध्या गावातल्या बायका तिला हातांवरून ओळखत. एकदा बाजारात एकीने तिचे हात पाहून म्हटलं होतं, "अगंबाई, तू का ती!" सोमवारी काचा पुसायच्या आणि ऑगस्टा उजेडासमोर बोट फिरवून पाहायची. ऑगस्टा गेली तेव्हा एनिडला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, ये पुढे. पण तोवर पुढे हर्बर्ट होता, मग रोलंड आला, मग थेल्मा. कोणी नको म्हणालं नाही आणि कोणी ये म्हणालं नाही. हळूहळू प्रतिष्ठित बायका घरी बसून टीव्ही बघू लागल्या. स्नगमध्ये बटाटे आले. तरी सोमवार येतच राहिले.

म्हणून ती दोघांना हो म्हणाली होती. पोरांच्या दोन्ही बेतांत स्नग पडणार होती. बाकी काय उभं राहतं, गालिचा की सुपरमार्केट, याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

लॅथबरी स्टेशनकडे गेल्यावर डेस्मंड तळघरात उतरला आणि हातोडा नि पहार घेऊन वर आला.

"मंजुरी यायला महिना," तो म्हणाला. "तोवर ती नुसती काच आहे. आपल्या घरची काच आपल्या हातून फुटली, कोण काय म्हणणार?"

"बरोबर आहे," रोलंड म्हणाला.

दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एका बाजूला उभे होते.

ऑड्री स्नगच्या दारात आडवी उभी राहिली. "आधी मला मारा."

"तू मघाशी तुळयांसाठी मरणार होतीस," डेस्मंड म्हणाला. "एका दुपारी किती वेळा मरशील?"

"तुळया खोट्या निघाल्या. हे खरं आहे."

"अगं पण यातली एकही काच तू आयुष्यात नीट बघितली नाहीस!" रोलंड ओरडला. "तुझ्या पुस्तकात स्नगवर किती आहे? एक ओळ आहे! 'मागील बाजूस साठवणीची खोली'!"

ते वाक्य पुस्तिकेत तसंच्या तसं होतं.

"तुम्ही तिघं कशाला ठरवताय?" थेल्मा म्हणाली. ती नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत बोलली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठत. ते उठले. "तिथे उभं कोण राहिलं? मदर ठरवतील."

"थेल्मा, गालिचा तुलाच हवा होता," रोलंड म्हणाला.

"हवा होता. अजून हवा आहे. तरी मदरच ठरवतील."

एनिडने हात पुढे केला. डेस्मंडने हातोडा दिला. ऑड्री बाजूला झाली, रडत, पण झाली. आईच्या हातात हातोडा तिने कधी पाहिला नव्हता.

एनिड स्नगमध्ये गेली. बटाट्यांची दोन पोती पायाने सारून बाकावर बसली. या बाजूने ती काचा फक्त पुसायला आली होती, बसली नव्हती. तिने हातोडा मांडीवर ठेवला. मधली काच बोटाने फिरवली. पलीकडे तिची जागा दिसत होती. रुंदी जेमतेम एका बाईची. तिथे उभं राहून पायांना सूज यायची. तिने काच पुन्हा लावली. फुलं, पाखरं. प्रत्येक पाकळीच्या खाचेत कापडाचं टोक कसं घालायचं हे तिच्या बोटांना पाठ होतं.

"आई, एकच फोड," डेस्मंड बोळातून म्हणाला. "एक फुटली तरी त्या चौकटीचा भाव उतरेल."

"गप्प बस," एनिड म्हणाली.

तिला या काचांचा राग होता. तो अजूनही गेला नव्हता. पण तो वाळका माणूस म्हणाला होता की सगळ्या देशात असं उरलं नाही. जोसायाची तुळई पोकळ निघाली, त्याचा राजा खोटा निघाला, आणि घरात एकच गोष्ट चोख निघाली. ती एनिडने राखलेली. ती फोडायची म्हणजे पुन्हा सासू-सासऱ्यांच्याच मनासारखं, आपलं काम आपणच पुसून टाकायचं.

ती उठली. मुलांच्या मधून चालत पुढच्या खोलीत गेली. पश्चिमेच्या भिंतीपाशी, जिथे काळे पट्टे सगळ्यात दाट होते आणि मध्ये राजाची तसबीर टांगलेली होती, तिथे थांबली. तसबीर काढून टेबलावर ठेवली.

"आई, काय करतेस?" रोलंडने विचारलं.

"इथे खिडकी होती," एनिड म्हणाली आणि हातोड्याचा पंजा फळीच्या फटीत घालून ओढला.

*

फळी निघाली नाही. पन्नास वर्षांच्या डांबराने तिला धरून ठेवलं होतं. तिने पुन्हा ओढलं. पांढऱ्या केसांवर काजळी पडली. रोलंडला वाटलं होतं की आपण म्हणू, थांब, गिऱ्हाईक येईल, हे काय चालवलंयस. त्याऐवजी त्याने पहार घेतली आणि आईच्या हाताखाली टेकवली. फळी किंचाळत सुटली. आतून कोळिष्टकं, उंदरांनी केलेली गादी आणि जोसायाची विसरलेली चिलीम पडली.

मागे काच होती. मळकी, पण अख्खी, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी.

"हिला बाहेरूनही फळ्या आहेत," डेस्मंड म्हणाला. त्याने कोट काढला, कडेला ठेवला, मग उचलून पुन्हा घातला, कारण रस्त्यावर लोक असणार होते, आणि शिडी घेऊन बाहेर गेला.

रोलंड आतून फळ्या काढत होता. काचेपलीकडच्या काळोखात ठोकाठोक चालली होती. मग एक फळी बाहेरून निघाली आणि फटीतून उन्हाची पट्टी खोलीत आडवी पडली. आणखी एक निघाली. काचेपलीकडे डेस्मंडचा घामाघूम चेहरा दिसला, नाकावर डांबर. ईस्टरपासून रोलंडने त्याला मनात कितीदा शिव्या घातल्या होत्या. तो काहीतरी ओरडत होता, पण काचेतून ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणतोय?" थेल्माने विचारलं.

"शिडी धर म्हणतोय," एनिड म्हणाली. "मी नाही धरणार. ऑड्री, जा."

ऑड्रीने नाक पुसलं आणि गेली.

सहा वाजता पेलिकन उघडला तेव्हा अर्धी पश्चिम भिंत नुसती काच होती. ऊन थेट बारपर्यंत आलं होतं. त्या उजेडात खोली काही सुंदर दिसत नव्हती. छत पिवळं पडलेलं, खुर्च्यांचं कापड विरलेलं, आणि फायरप्लेसचा दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. जमिनीवर काळ्या फळ्यांचे तुकडे होते. नेहमीचे म्हातारे आले, डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

"हे काय करून ठेवलंत?" त्यांच्यातले मिस्टर गफ म्हणाले. "चांगली पाचशे वर्षांची खोली!"

"मीही तेच म्हणत होते," ऑड्री म्हणाली. ती खिडकीच्या कोपऱ्यात वाकून काचेवरचा मळ ओल्या बोटाने काढत होती. "आई, इथे बनवणाऱ्याचा शिक्का आहे. स्नगच्या काचांवर आहे तोच! मिस्टर लॅथबरींना उद्याच्या उद्या कळवायला हवं."

"म्हणजे आता खिडकीही हलवता येणार नाही?" डेस्मंडने विचारलं.

"अर्थातच नाही."

डेस्मंड खुर्चीत बसला. सुपरमार्केट त्याच्या डोळ्यांपुढून विटेविटेने उतरत गेलं. रोलंडने त्याच्यापुढे एक पेला ठेवला. पैसे मागितले नाहीत.

"सही करणार नाही, डेस्मंड," एनिड म्हणाली. "आणि भिंती राहतील, रोलंड. गालिचा घाल हवा तर. थेल्माला विचारून रंग ठरव."

"हिरवा," थेल्मा घाईने म्हणाली.

"आणि काचांचं बघा कोणीतरी. माझे सोमवार संपले."

मग तिने केसांतली काजळी झटकली, स्वयंपाकघराच्या दारावरचा स्वच्छ एप्रन घेतला आणि बारच्या कट्ट्याची उचलती फळी वर करून आत शिरली. रोलंड सरकला. ती उभी राहिली तिथून दार दिसत होतं, खिडकी दिसत होती, रस्त्यावरून जाणारी माणसं दिसत होती, आणि त्यांनाही ती दिसत होती.

म्हातारे कोपऱ्यात कुरकुरत बसले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून पुढे आला तो एक परगावचा माणूस, हातात नमुन्यांची पेटी घेतलेला कोणी विक्रेता. त्याने बिटर बीअर मागितली. एनिडने पंपाचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. अर्धा पेला फेस झाला. रोलंड मदतीला आला, तर तिने त्याला कोपराने बाजूला केलं, फेस ओतून टाकला आणि पुन्हा ओढला.

विक्रेत्याने तिची ती खटपट पाहिली आणि सहानुभूतीने हसला.

"नवीन आहात का इथे?"

"हो," एनिड म्हणाली. "आजच लागले."